दोन आठवड्यांची माया

जर्मनीतल्या बॉन शहरात ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची एक संस्था आहे. हिल्फे म्हणजे मदत, आणि अंधेरी म्हणजे आपलीच. गर्दीच्या वेळी जिथे उतरायचं तर सांताक्रूझपासूनच दाराकडे सरकायला लागतं, ती. १९५९च्या सुमारास रोझी गोलमान या बॉनमधल्या तरुण शिक्षिकेच्या वाचनात एका नियतकालिकातला लेख आला. अंधेरीच्या सेंट कॅथरिन्स होम या अनाथाश्रमाबद्दल आणि तिथल्या मुलांना सांभाळणाऱ्या ॲना हुबर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन ननबद्दल त्यात लिहिलं होतं. गोलमानबाईंनी विद्यार्थिनींना हाताशी धरून मदत गोळा करायला सुरुवात केली, पुढे त्या स्वतः भारतात येऊन गेल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी बॉनमध्ये ही संस्था रीतसर स्थापन केली. आश्रम आजही अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडवर आहे. पण आपल्या उपनगराचं नाव लावणारी ती संस्था अनाथाश्रमापुरती राहिली नाही. तिचं काम सरकत सरकत खेड्यांत गेलं: बायकांचे गट, शेती, रोजगार, बांगलादेशात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया. (अंधेरीच्या नावाने अंधत्व निवारण, हा योगायोग फक्त भारतीय कानालाच कळावा.) आश्रमातल्या मुलांना खाऊपिऊ घालण्यापासून सुरू झालेली माणसं मुलं मुळात आश्रमाच्या दाराशी का येतात, या प्रश्नाकडे वळली.

हा साठ वर्षांपूर्वीचा प्रवास आज आठवायचं कारण म्हणजे आता वाहतूक दोन्ही बाजूंनी सुरू आहे. पूर्वी गोरे पाहुणे आपल्याकडे येत. आता मुलुंड-घाटकोपरच्या घरांतली कॉलेजातली मुलंही फी भरून काठमांडूला किंवा कंबोडियाला ‘व्हॉलंटिअरिंग’ला जातात. अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे बोरिवलीला आली की त्यांच्यासाठी एखादा बालकाश्रम शोधला जातो. शाळेत समाजसेवेचे तास दाखवायचे असतात, पुढे विद्यापीठाच्या अर्जातल्या निबंधालाही विषय होतो. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो, हे आधीच मान्य करून टाकू. तरीही जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणतो: अनाथाश्रमातल्या मुलांना प्रेम द्यायला दोन आठवड्यांसाठी आलेला परका माणूस त्या मुलांचं भलं करत नाही, पुष्कळदा नुकसानच करतो, आणि त्याच्या येण्याने जो पैसा येतो तो काही ठिकाणी चक्क नवे अनाथ तयार करतो.

‘अनाथ तयार करतो’ हे शब्द जड वाटतील. त्यासाठी आधी अनाथाश्रमात असतं कोण, ते पाहायला हवं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने देशभरातल्या बालसंगोपन संस्थांची मोजदाद करून घेतली होती, तिचा अहवाल २०१८ मध्ये आला. साडेनऊ हजारांवर संस्था आणि काळजी-संरक्षणाची गरज असलेली सुमारे ३ लाख ७० हजार मुलं. त्यांतली अनाथ किती, तर साधारण ४२ हजार. टाकून दिलेली आणि आईबापांनी कायदेशीर सोपवलेली मुलं धरली तरी आकडा ५६ हजारांच्या आसपास थांबतो. आई किंवा बाप यांपैकी एक जण हयात आहे अशी मुलं मात्र १ लाख २० हजारांच्या घरात होती. म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत सरसकट ‘अनाथाश्रम’ म्हणतो, तिथल्या दर नऊ मुलांमागे अनाथ असतं एखादंच. बाकीच्यांपैकी कितीतरी जणांचं कुणी ना कुणी कुठेतरी आहे: धुणीभांडी करणारी विधवा आई, दारूत बुडालेला बाप, तुरुंगातला बाप, ऊसतोडीला गेलेलं घर. आपल्या राज्यात तर मुलाची शाळा आणि दोन वेळचं जेवण सुटावं म्हणून बालगृहाचा रस्ता धरणारे आईबाप नवे नाहीत. त्या आईला मूल नको असतं असं नाही. तिला वहीपुस्तकं परवडत नसतात, आणि ती कामावर गेली की झोपडीत मुलाकडे बघायला कुणी नसतं. गरिबीवरचा इलाज म्हणून मूलच घरातून काढायचं, असा हा सगळा उफराटा कारभार.

या कारभारात पर्यटकांचा पैसा शिरला की काय होतं ते नेपाळने दाखवलं. माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरत. मुलाला काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो म्हणत, आईबापांकडून पैसे घेत आणि मुलांना राजधानीतल्या ‘अनाथालयां’त आणून सोडत. नेपाळमधली बहुसंख्य अनाथालयं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, चितवन आणि कास्की या पाचच जिल्ह्यांत एकवटलेली होती. नेपाळला जाऊन आलेल्या कुणालाही ही नावं ओळखीची वाटतील, कारण सहलीच्या कार्यक्रमात हेच असतं: पशुपतिनाथ, ललितपूरचं पाटण, चितवनचं राष्ट्रीय उद्यान, कास्कीतल्या पोखऱ्याचा तलाव. गरिबी डोंगरात आणि अनाथालयं पर्यटकांच्या वाटेवर! तिथल्या दहांतल्या आठ मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं पाहणीत दिसलं. २०१५च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला तेव्हा मदतीच्या नावाखाली आणखी मुलं पळवली जातील, ही भीती इतकी खरी होती की सरकारने मुलांना पालकांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. कंबोडियातही तेच. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढल्याचं युनिसेफने नोंदवलं, आणि ही वाढ झाली युद्ध संपून पर्यटन बहरलं त्या काळात. मागणी आली की पुरवठा होतोच. इथे पुरवठा मुलांचा होता. पाहुण्यांना दया यावी म्हणून मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत ठेवणं, आलेली खेळणी पाहुणे गेल्यावर परत विकणं, असले प्रकारही उजेडात आले. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना ‘अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या तस्करी’ची दखल घेतली ती यामुळेच, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख केला.

आपल्याकडे हा बाजार त्या थराला गेलेला नाही, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे. भारतात २०१५च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक संस्थेला नोंदणी सक्तीची केली, मूल हाती आल्यापासून चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायला सांगितलं, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असेल हे तत्त्व म्हणून लिहून ठेवलं. कागदावर आपण नेपाळच्या पुष्कळ पुढे आहोत. पण माझा मुख्य आक्षेप तस्करीबद्दल नाही. समजा आश्रम नोंदणीकृत आहे, चालवणारी माणसं प्रामाणिक आहेत, ताटात रोज भाजी-आमटी आहे. तिथेही दोन आठवड्यांचा पाहुणा नको, असं मी म्हणतो.

कुठल्याही बालकाश्रमात पहिल्यांदा गेलेला माणूस परत आल्यावर एक गोष्ट हमखास सांगतो: मुलं किती पटकन लळा लावतात हो! दारात चपला काढतोय तोवर तीनचार वर्षांचं एखादं पोर येऊन पायाला मिठी मारतं, बसलं की मांडीवर चढतं, घड्याळाशी खेळतं, निघताना ओढणीचं टोक सोडत नाही. पाहुण्याचे डोळे भरून येतात. आता हेच पोर आपल्या घरातलं आहे असं समजा. तीन वर्षांचं घरचं मूल अनोळखी माणूस आला की आईच्या पदराआड जातं, अर्ध्या तासाने एक डोळा बाहेर काढतं, खाऊ दिला तर आधी आईकडे बघतं. हे लाजणं चांगलं लक्षण आहे. आपलं माणूस कोण आणि परकं कोण, हे त्याला ठाऊक असल्याची ती खूण. दिसेल त्याच्या गळ्यात पडणं ही मानसशास्त्राच्या दृष्टीने काळजीची बाब असते, तिची नोंद विकारांच्या यादीत आहे. ज्या मुलाला कायमचं असं एकही माणूस मिळालेलं नाही, ते मिळेल त्या माणसाकडून मिळेल तेवढं ओरबाडून घ्यायला शिकतं. तेव्हा पाहुण्याला जो लळा वाटतो, ती त्या मुलाची जखम असते. दर पंधरा दिवसांनी नवी ताई, नवा दादा येऊन तिच्यावरची खपली काढून जातो.

लहान मुलाला एका ठरलेल्या माणसाची गरज असते, हे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१च्या अहवालातच मांडलं होतं. पण त्याचा सगळ्यात सज्जड पुरावा रुमानियातून आला. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथले अनाथाश्रम भरून वाहत होते. २००० साली बुखारेस्टमध्ये अमेरिकी संशोधकांनी आश्रमांतली १३६ लहान मुलं निवडली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी प्रशिक्षित पालक-कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथेच राहिली. साडेचार वर्षांच्या वयात बुद्ध्यंक मोजले तेव्हा आश्रमातल्या मुलांची सरासरी ७३ आली, कुटुंबात गेलेल्यांची ८१, आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांची १०९. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं त्यांना फायदा जास्त झाला. आश्रमांत उपासमार नव्हती, छप्पर होतं, पाळीपाळीने येणाऱ्या आयाही होत्या. नव्हतं ते फक्त रोज सकाळी तोच चेहरा. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिश्टर आणि ॲमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये एड्सग्रस्त भागांतल्या ‘अनाथ-पर्यटना’वर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवलं: सतत जुळणाऱ्या आणि तुटणाऱ्या नात्यांची माळ ही आधीच एकदा तुटलेल्या मुलांना अधिक तोडते.

‘काहीच नसण्यापेक्षा दोन आठवड्यांचं प्रेम बरं नाही का?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. अन्नाला हा हिशेब लागू पडतो. एक वेळ जेवण मिळालं तर ती एक वेळ तरी पोट भरतं. मायेला तो लागू पडत नाही, कारण माया अर्ध्यात सुटली तर मूल शिल्लक काय ठेवतं, तर पुढच्या वेळी कुणावर विसंबायचं नाही हा धडा. मग कुणी अंधेरीच्या सिस्टर हुबर्टांचं उदाहरण देईल: त्या नाही का परदेशातूनच आल्या? आल्या, पण राहिल्या. आयुष्याची कित्येक दशकं त्यांनी इथे काढली. परदेशी असण्याला माझी हरकतच नाही. मुदत ठरवून येण्याला आहे. संस्थांकडे माणसं कमी असतात ही अडचण मात्र खरी आहे. पंचवीस-तीस पोरांमागे एखादी काळजीवाहिका, तिलाही तुटपुंजा पगार, आणि तीही वर्षभरात बरी नोकरी मिळाली की जाणार. ही उणीव फुकटच्या पाहुण्यांनी भरून निघाली, की संस्थेच्या विश्वस्तांना काळजीवाहिकेचा पगार वाढवायचं कारण उरत नाही. परदेशी मुलीच्या फीमधून आणि विमानभाड्यातून याच मावशीचा पगार दुप्पट झाला आणि ती पाच वर्षं टिकली, तर त्या पैशाचं चीज झालं असं म्हणता येईल. तशी सहल कुणी विकत नाही, कारण त्यात फोटो नसतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. अंधेरी-बोरिवलीतल्या कुठल्याही टॉवरच्या गेटवर जेवणाचं पार्सल आणणाऱ्या मुलाचं नाव लिहून घेतात, फोटो काढतात, वर फ्लॅटमध्ये फोन करून विचारतात, मगच लिफ्टकडे सोडतात. मुलांच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरची पोलिस पडताळणी झाली आहे का, हे पालक शाळेला विचारतात. त्याच पालकांना आश्रमात परदेशातून आलेला अनोळखी तरुण मुलांना आंघोळ घालतो, त्यांच्याशेजारी झोपतो, यात कौतुकच वाटतं. मडगावात मुलांसाठी ‘गुरुकुल’ चालवणाऱ्या फ्रेडी पीटला मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ मध्ये जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याला आणि रायगडात मुरूडला रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ निवारे चालवणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना अशाच गुन्ह्यात सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवलं, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये शिक्षा पुन्हा कायम केली. ही काही स्वयंसेवकांची उदाहरणं नव्हेत, आणि शंभरांतले नव्व्याण्णव सज्जन असतात हेही खरं. दार मात्र सगळ्यांना एकच असतं, आणि ज्या मुलाच्या मागे विचारपूस करणारं कुणी नाही त्याच्या दाराशी पहारा जास्त कडक हवा.

आपण उपनगरातले लोक परदेशी जात नसलो तरी यातून सुटत नाही. मुलीचा वाढदिवस आश्रमात साजरा करायची पद्धत आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. केक येतो, बाहेर गाडीतून पावभाजीचे डबे उतरतात, मुलांना ओळीत बसवतात, कुणाचा वाढदिवस हे ठाऊक नसताना ती गाणं म्हणतात, आणि पाचसहा वर्षांची वाढदिवसवाली मुलगी आपल्याच वयाच्या पोरांच्या हातावर चॉकलेट ठेवताना फोटोत हसते. देणारी आणि घेणारी, दोघींना आपापली जागा शिकवणारा याहून पक्का पाठ नाही. शिवाय तो फोटो गुन्हा ठरू शकतो. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं छायाचित्र वा माहिती प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला हे लागू नाही, अशी समजूत सगळीकडे आहे.

मग खरंच ज्यांचं कुणी नाही त्यांचं काय, हा आक्षेप सगळ्यात वजनदार. अशी मुलं आहेत आणि त्यांच्यासाठी संस्था लागतील, चांगल्या लागतील. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते गरज होती म्हणूनच. आजही शिशुगृहातून दत्तक जाणाऱ्या बाळांसाठी कांजूरमार्गच्या वात्सल्य ट्रस्टसारख्या संस्थांचं काम मोलाचं आहे, कारण बाळाला लवकरात लवकर घर मिळवून देणं हेच तिथलं काम असतं. पण ‘कुणी नाही’ म्हणण्याची आपल्याला फार घाई असते. २०२१च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ‘या दोन अनाथ बाळांना कुणी दत्तक घ्या’ असे संदेश मुंबईभर फिरत होते. असं परस्पर मूल देणं-घेणं बेकायदा आहे, हे सरकारला जाहीर सांगावं लागलं. आणि ज्या मुलांचे खरोखरच दोन्ही पालक त्या लाटेत गेले, ती राहिली कुठे? बहुतेक जण आजीकडे, मामाकडे, काकूकडे. राज्याने त्यांच्या नावावर पाच लाखांची ठेव ठेवली. घर होतं, त्या घराला टेकू हवा होता.

तो टेकू देणारी योजना आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्याबद्दल परदेशी जाणाऱ्या मुलांना तर सोडाच, त्यांच्या घरी काम करणाऱ्या मावशींनाही पुष्कळदा माहिती नसते. बालसंगोपन योजना, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. एक पालक गेलेला, पालक तुरुंगात, पालकाला कर्करोग किंवा एचआयव्ही, घटस्फोटानंतर आईवर पडलेली मुलं, अशांना अठरा वर्षांपर्यंत घरीच किंवा नातेवाइकांकडे राहून मदत मिळते. रक्कम पूर्वी महिना अवघी ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली आणि २०२३ पासून २,२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० आहेत. २,२५० म्हणजे वर्षाचे २७ हजार. परदेशातली दोन आठवड्यांची स्वयंसेवा विमानासकट एवढ्यात बसत नाही. ज्या मुलांना अनुभव हवा आहे, जग बघायचं आहे, त्यांनी खुशाल बघावं. पर्यटक म्हणून जावं, पाहावं, तिथल्या माणसांच्या खानावळीत जेवावं. सेवा करायची असेल तर ती तहसीलदार कचेरीच्या रांगेत पुष्कळ शिल्लक आहे.

कारण बालसंगोपन योजनेचं खरं घोडं अडतं ते अर्जाशी. उत्पन्नाचा दाखला लागतो, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लागतो, तो गावी असतो आणि त्यावर नावात चूक असते. आधारवर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरं. शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, त्या पासबुकाची केवायसी संपलेली. सकाळी आठ ते रात्री आठ चार घरची कामं करणारी बाई या सगळ्यासाठी किती खाडे करणार? भांडुपच्या किंवा दिंडोशीच्या एखाद्या चाळीत शनिवारी दुपारी बसून अशा पाच बायकांचे कागद लावून देणं, ऑनलाइन काय भरायचं ते भरणं, बालकल्याण समितीची तारीख पडली की बरोबर जाणं, पुढच्या वर्षी मदत सुरू ठेवण्याच्या वेळी पुन्हा येणं, हे काम मराठी बोलता येणारं आणि इंग्रजी फॉर्म वाचता येणारं कॉलेजचं पोर फार चांगलं करू शकतं. मूल त्याला मिठी मारणार नाही. आईच्या मागे उभं राहून फक्त बघत राहील. फोटो मात्र याही कामात एक काढावा लागतो. अर्जाला जोडायचा असतो तो: आई आणि मूल, दोघं, आपल्या घराच्या दारात उभे, पाठीमागे दार स्पष्ट दिसेल असा.